भुसावळचे दोन उन्हाळे आणि एका दाराचा फ्रिज : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या वर्षी होळीच्या आठवड्यात आम्ही एका दाराचा, साधारण १९० लिटरचा, बर्फ साचणाऱ्या प्रकारचा फ्रिज घेतला. त्याला आता चौदा महिने होत आले, म्हणजे भुसावळचे दोन उन्हाळे आणि मधला एक पावसाळा त्याने काढला. नव्या फ्रिजबद्दल पहिल्या आठवड्यात जे लिहिले जाते त्यात दाराचा रंग, आतला दिवा आणि कप्प्यांची संख्या यांचेच कौतुक असते. तो पुसायला किती सोपा आहे, कुठे घाण साचते आणि कुठे हातच पोहोचत नाही, हे कळायला वर्ष जावे लागते. सेवानिवृत्तीनंतर घरातील ही साफसफाई माझ्याकडे आली असल्यामुळे पुढचा मजकूर प्रत्यक्ष हात घालून केलेल्या कामावर आधारलेला आहे.

आधीचा फ्रिज कसा गेला हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण तो माझ्याच हातून गेला. बर्फाच्या कप्प्यात दुधाची पिशवी चिकटून बसली होती, घरी पाहुणे आलेले होते आणि घाईत मी स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ फोडायला घेतला. ‘सूं’ असा बारीक आवाज आला आणि अकरा वर्षे विनातक्रार चाललेला फ्रिज पाच मिनिटांत निकामी झाला. बर्फाच्या कप्प्याची भिंत ही नुसती भिंत नसते. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातच गॅस फिरण्याच्या वाटा काढलेल्या असतात आणि त्यावर सुरी, उलथणे किंवा पेचकस चालवणे म्हणजे नळी भोसकणेच होय. आताच्या फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए हा गॅस असतो. तो म्हणजे आयसोब्युटेन. मात्रा थोडीच असली तरी तो ज्वलनशील आहे, त्यामुळे हा उद्योग आता दुप्पट धोक्याचा झाला आहे.

नव्या फ्रिजमध्ये नॉबच्या मधोमध बर्फ वितळवण्याचे बटण आहे. ते दाबले की कॉम्प्रेसर थांबतो, बर्फ वितळून पाणी मागच्या बाजूला जाते आणि फ्रिज आपोआप पुन्हा सुरू होतो. बर्फाचा थर पाच-सहा मिलिमीटर झाला की मी हे बटण दाबतो. त्याहून जाड थर थंडावा अडवतो, मग कॉम्प्रेसर नुसता चालत राहतो. पहिल्या उन्हाळ्यात एक कोडे पडले होते. आपल्याकडे वैशाखातली हवा इतकी कोरडी असते की बर्फ सावकाश साचायला हवा, आणि आमच्याकडे तर आठवड्यातच थर धरत होता. पुढे लक्षात आले की बैठकीतला कूलर दिवसभर ओलसर हवा स्वयंपाकघरात ढकलत होता आणि फ्रिजचे दार उघडले की तीच ओल आत जाऊन पत्र्यावर गोठत होती. दुपारी मधले दार लोटून घेऊ लागल्यापासून बर्फ बराच कमी झाला. श्रावणात मात्र असा उपाय नसतो. तेव्हा बटण वारंवार दाबावेच लागते.

जागेचीही एक चूक आम्ही केली. दुकानातून आलेल्या माणसांनी फ्रिज पश्चिमेच्या भिंतीला लावून ठेवला, आम्हीही तो तिथेच राहू दिला, आणि ती भिंत संध्याकाळी सात वाजेपर्यंत तव्यासारखी तापलेली असते. फ्रिजच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवर हवामानवर्गाचे अक्षर असते, ते घेण्यापूर्वी वाचावे. ‘एसटी’ म्हणजे ३८ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आणि ‘टी’ म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी तो फ्रिज बनवलेला आहे. मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांवर जाण्याचे कोणाला नवल वाटत नाही, तिथे ही अक्षरे म्हणजे कागदी तपशील नव्हे. आमचा ‘टी’ वर्गाचा आहे आणि तरीही त्या भिंतीपाशी मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात ठेवलेला तापमापक दुपारी नऊ अंश दाखवत होता. दूध आणि शिजवलेले अन्न नीट राहायचे तर पाचच्या आत हवे. फ्रिज आतल्या भिंतीकडे सरकवला, मागे वीतभर मोकळी जागा सोडली आणि नॉब एका अंकाने वाढवला, तेव्हा काटा पाचाच्या आसपास स्थिरावला. बाजूचे पत्रे गरम लागतात म्हणून घाबरू नये. या प्रकारच्या अनेक फ्रिजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्यांच्या आत असतात, त्यामुळे तिथे कापड झाकणे किंवा पिशव्या टांगणे चुकीचे आहे. माझ्या आईने प्रेमाने शिवलेले फ्रिजचे फुलाफुलांचे आवरण याच कारणासाठी कपाटात गेले, आणि ते तिला अजून पटलेले नाही.

आता आतल्या सफाईबद्दल. महिन्यातून एकदा मी प्लग काढून फ्रिज पूर्ण रिकामा करतो. एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून त्यात भिजवून पिळलेल्या सुती कापडाने आतल्या भिंती पुसतो, नंतर साध्या पाण्याने आणि शेवटी कोरड्या कापडाने. भांड्यांची पावडर, तारेची घासणी आणि फिनाईल यांना तिथे स्थान नाही. पावडरीने आतले प्लास्टिक चरते आणि त्या चरांत घाण कायमची बसते, तर फिनाईलचा वास पुढे आठवडाभर पोळीला येत राहतो. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ट्रे बादलीत बुडवून धुण्याची चैन परवडत नाही. दोन तांबे पाण्यात काम भागवण्याची सवय झाली आहे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर राहतात, ते पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसले की जातात. काचेचा कप्पा फ्रिजमधून काढल्या काढल्या गरम पाण्याखाली धरू नये, तो तडकतो. अर्धा तास ओट्यावर ठेवावा. प्लास्टिकचे ट्रे वाळवायला गच्चीवर आपल्याकडच्या उन्हात टाकू नयेत. एका एप्रिलभरात भाजीचा ट्रे पिवळट झाला, आणि तो आता तसाच आहे.

वासाचा प्रश्न खानदेशी घरात वेगळाच असतो. हिवाळ्यात भरीताची वांगी आली की उरलेले भरीत, लसूण-मिरचीचा ठेचा आणि शेवभाजीचा काळ्या मसाल्याचा रस्सा हे तिन्ही एकाच वेळी आत मुक्कामाला असतात, आणि सकाळच्या चहाला त्या तिघांची हजेरी लागते. वाटीभर सोडा उघडा ठेवावा असे सगळेच सांगतात. मीही ठेवला, थोडा फरक पडतो, पण ठेच्यापुढे सोड्याचे काही चालत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा वापरला तेव्हाच वास थांबला. केळ्यांबाबतही एक सांगतो. रावेरहून नातेवाईक घड पाठवतात आणि जागा नाही म्हणून कोणी तरी फणी फ्रिजमध्ये ठेवते. तेरा अंशांच्या खाली केळ्याची साल काळवंडते आणि कच्चे केळे नीट पिकत नाही, त्यामुळे त्याची जागा टोपलीतच आहे.

बाजारात कप्प्यांवर अंथरायला रंगीत प्लास्टिकच्या चटया मिळतात. आमच्या सौभाग्यवतींनी हौसेने आणल्या होत्या. या प्रकारच्या फ्रिजमध्ये पंखा नसतो. वरच्या कप्प्यातली थंड हवा आपल्या वजनाने खाली उतरते आणि कोमट हवा वर जाते. कप्प्याच्या कडेची फट चटईने किंवा वर्तमानपत्राने बुजवली की खालच्या भाज्या मऊ पडतात आणि वर दूध गोठते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या, आमरसाचे पातेले आणि पुरणाचा डबा आत गेला, तेव्हा हे आमच्या नीट लक्षात आले. चटया काढल्या, पातेले बाहेर काढून रस दोन लहान डब्यांत भरला, तेव्हा कुठे खालचा कप्पा गार झाला.

सर्वांत मोठी तक्रार पाण्याची होती. भाद्रपदात भाजीच्या ट्रेखाली रोज वाटीभर पाणी साचू लागले. सेवाकेंद्राकडून आलेल्या गृहस्थांनी दार उघडले, दोन मिनिटे पाहिले आणि गॅस कमी झाल्याचे सांगून खर्चाचा आकडा दिला. बर्फ व्यवस्थित होत असताना गॅस कमी कसा, हे मला पटले नाही, म्हणून मी दोन दिवसांची मुदत मागितली. आतल्या मागच्या भिंतीच्या तळाशी, पन्हळीच्या टोकाला, करंगळी जेमतेम शिरेल एवढे एक भोक असते. वितळलेले पाणी त्यातून मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जाते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने तिथे वाळून जाते. बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा त्या भोकात कोथिंबिरीची एक काडी आडवी बसलेली होती आणि तिच्याभोवती बुळबुळीत करडा गोळा जमला होता. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने कोमट पाणी हळूहळू सोडले. तिसऱ्या वेळी गोळा सुटला आणि मागे पाणी पडल्याचा टपटप आवाज आला. खर्च शून्य. तेव्हापासून महिन्याच्या सफाईत ते भोक आधी पाहतो.

त्याच निमित्ताने मागचा ट्रे प्रथमच बाहेर काढला, आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. घरातल्या कुंड्या, कूलर, पिंप आम्ही आठवड्याला कोरडे करत होतो आणि डेंग्यूचा डास फ्रिजच्या पाठीमागे निवांत वाढत होता. आता तो ट्रे पावसाळ्यात दर आठवड्याला रिकामा करून घासतो. कंपनीने तो दोन स्क्रूंनी बसवलेला आहे, ही या फ्रिजमधली मला सर्वांत न आवडलेली गोष्ट. तो नुसता ओढून निघायला हवा होता.

दाराच्या रबराच्या घड्यांत काळी बुरशी धरते. जुन्या टूथब्रशला कापड गुंडाळून सोड्याच्या पाण्याने ती निघते, मात्र नंतर रबर कोरडे करावे लागते. दुसऱ्या उन्हाळ्यात खालच्या कोपऱ्यात रबर वाकडे झाले होते. दारात कागदाचा तुकडा धरून दार लावले आणि ओढला तर तो सहज निघत होता, म्हणजे तिथून हवा जात होती. गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने रबर शेकून, बोटांनी सरळ करून, रात्रभर दार घट्ट लावून ठेवले, आणि ते बसले. नवीन रबराची गरज पडली नाही.

विजेबद्दल थोडेच. दीपनगरचे वीजकेंद्र जवळ असले तरी आमच्या भागातला दाब संध्याकाळी हेलकावे खातो. फ्रिजवर ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असे लिहिलेले असूनही मी वेगळा स्टॅबिलायझर लावला आहे, कारण वीज परत आल्यावर तो तीन मिनिटे थांबून मगच फ्रिज सुरू करतो आणि कॉम्प्रेसरला लगेच धक्का बसत नाही. वीज गेल्यावर दार न उघडल्यास चार तास आतल्या अन्नाला काही होत नाही. नातवंडांना हे समजावणे अधिक कठीण आहे.

तळाशी कांदे-बटाट्यांचा जो खण दिलेला आहे, त्याचा उजवीकडचा रूळ सहाव्या महिन्यात तुटला. सुटा भाग मागवून दोन महिने झाले आहेत आणि तोवर कांदे पुन्हा टोपलीत, केळ्यांशेजारी आहेत.