जर्सी सिटीतील चार्टर शाळा: दहा महिन्यांच्या अनुभवानंतर

आमची मुलगी गेल्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीतील एका चार्टर शाळेत तिसरीत दाखल झाली आणि आता जूनमध्ये तिचे वर्ष संपत आले आहे. न्यूयॉर्कमधील नोकरीमुळे येथील जर्नल स्क्वेअर भागाच्या आसपास घर शोधणारी मराठी कुटुंबे दरवर्षी आमच्याकडे शाळांची चौकशी करतात. फोनवर तुकड्यातुकड्याने सांगितलेले पुरत नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. शाळेचे नाव मुद्दामच देत नाही, कारण शाळा कोणतीही असली तरी ती कशी पारखावी, हे मला सांगायचे आहे.

चार्टर शाळा म्हणजे खासगी शाळा हा गैरसमज आपल्या लोकांत फार आहे. ही सार्वजनिक शाळाच असते, फी घेत नाही आणि प्रवेशपरीक्षाही घेऊ शकत नाही. मात्र ती डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे शहरातील नेहमीच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, शिक्षण मंडळाच्या ताब्यात नसून स्वतःच्या विश्वस्त मंडळाकडून चालवली जाते. महाराष्ट्रातील खासगी अनुदानित शाळा डोळ्यांसमोर आणली, तर व्यवस्थापन संस्थेचे आणि पैसा सरकारचा ही रचना चटकन लक्षात येते. फरक मुदतीचा आहे. चार्टर हा मुळात करार आहे: न्यू जर्सीत शाळेला पहिली परवानगी चार वर्षांची मिळते आणि त्यानंतर राज्याचा शिक्षण आयुक्त दर पाच वर्षांनी नूतनीकरण करतो किंवा नाकारतो. अमेरिकेत असा कायदा प्रथम १९९१ मध्ये मिनेसोटाने केला आणि न्यू जर्सीचा कायदा १९९५ चा आहे. शाळा पाहायला गेल्यावर नूतनीकरण कोणत्या वर्षी आहे आणि मागच्या वेळी आयुक्तांनी काही अटी घातल्या होत्या का, हे दोन प्रश्न आम्ही विचारले नव्हते. ते आधी विचारायला हवे होते.

जर्सी सिटीत या शाळांकडे पालकांचा ओढा का आहे, यालाही इतिहास आहे. येथील शालेय डिस्ट्रिक्टचा कारभार १९८९ मध्ये राज्याने स्वतःच्या ताब्यात घेतला. देशात असे प्रथमच घडले होते. त्या काळाने चिकटलेला डिस्ट्रिक्टच्या शाळांबद्दलचा अविश्वास अजूनही बोलण्यातून डोकावतो, पण आजच्या निर्णयासाठी तो आधार धरू नये. आमच्या इमारतीतील दोन कुटुंबांची मुले डिस्ट्रिक्टच्या शाळेत उत्तम शिकत आहेत आणि आमचा धाकटा मुलगाही तीन व चार वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या सरकारी मोफत बालवर्गात आनंदाने जातो.

जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढावी लागते. आपल्याकडील आरटीईच्या २५ टक्के जागांच्या सोडतीसारखीच ती असते, मात्र येथे उत्पन्नाची अट नसते. त्याच शहरातील रहिवाशांना आधी संधी मिळते आणि शाळेत आधीच शिकणाऱ्या मुलांच्या भावंडांना शाळा प्राधान्य देऊ शकते. आमचे नाव प्रतीक्षायादीत होते आणि ऑगस्टच्या अखेरीस अचानक फोन आला. विचार करायला मिळालेल्या दोन दिवसांत आम्ही फक्त परीक्षेचे निकाल पाहिले.

हे निकाल राज्याच्या शिक्षण विभागाच्या वार्षिक अहवालात प्रत्येक शाळेसाठी मिळतात. तिसरीपासून आठवीपर्यंत वसंत ऋतूत भाषा आणि गणिताची राज्यपरीक्षा होते आणि किती टक्के मुलांनी अपेक्षित पातळी गाठली, हा आकडा सगळे पाहतात. मी आता त्याच अहवालातील प्रगतीचा आकडा आधी पाहते. एकाच पातळीवरून निघालेल्या राज्यभरातील मुलांच्या तुलनेत या शाळेतील मूल वर्षभरात किती पुढे गेले, हे त्यातून कळते. आधीच्या परीक्षेशी तुलना असल्याने हा आकडा चौथीपासून मिळतो. सुस्थितीतील घरांतून येणारी मुले असली की पहिला आकडा आपोआप चांगला दिसतो. दुसऱ्यात शाळेचे स्वतःचे काम अधिक दिसते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात चार्टर शाळांतील मुले वाचनात वर्षाला सरासरी १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे आढळली. ती सरासरी देशभरातील शाळांची आहे आणि शाळाशाळांत फार मोठा फरक असतो, त्यामुळे केवळ पाटीवर चार्टर लिहिले आहे म्हणून हुरळून जाऊ नये.

इमारतीबद्दल थोडक्यात सांगते. ती भाड्याची आहे, मैदान नाही, मधल्या सुट्टीत मुलांना रांगेने जवळच्या बागेत नेतात आणि पावसात तळघरातील सभागृहात खेळवतात. शाळेतील जेवणात शाकाहारी पर्याय रोज असतो, पण मुलीने पहिल्याच आठवड्यात घरच्या डब्याचा आग्रह धरला. वर्गात अरबी, स्पॅनिश, गुजराती आणि तागालोग बोलणारी मुले आहेत आणि ही संगत मला या शाळेची सर्वांत मोठी कमाई वाटते.

शाळेची खरी ओळख आम्हाला ऑक्टोबरमध्ये झाली. मुलगी गणितात ठीक होती, पण वाचताना शब्द गाळायची, ओळी चुकवायची आणि मोठा परिच्छेद दिसला की पोटात दुखते म्हणायची. घरी मराठी बोलत असल्यामुळे असे होत असेल, थोडे थांबू या, असे वर्गशिक्षिकेने सांगितले. हेतू चांगला होता, पण मला ते पटले नाही, कारण मराठी वाचतानाही ती तशीच अडखळत होती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तिच्या वाचनाच्या अडचणीच्या तपासणीची मागणी लेखी केली. चार्टर शाळेला विशेष शिक्षणाचे, म्हणजे शिकताना अडचण येणाऱ्या मुलांसाठीच्या शिक्षणाचे, संघराज्याचे आणि राज्याचे नियम इतर सार्वजनिक शाळांइतकेच लागू असतात. अशा लेखी मागणीनंतर, शाळेच्या सुट्ट्या वगळून, २० दिवसांत बैठक घ्यावी लागते. आमची बैठक सहाव्या आठवड्यात झाली आणि तीही मी दोनदा आठवण केल्यावर. बाहेरून येणारे तज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस उपलब्ध असतात, असे कारण मिळाले. लहान शाळेची ही अडचण खरी असेल, पण तिची किंमत आठ वर्षांच्या मुलीने मोजावी, हे मला आजही मान्य नाही.

त्यानंतर मात्र काम नेटके झाले. आमच्या संमतीपासून ९० दिवसांत तपासणी, निर्णय आणि वैयक्तिक शिक्षण योजना सुरू करणे हे सगळे व्हावे लागते आणि ती मुदत शाळेने पाळली. मार्चपासून वाचनतज्ज्ञ शिक्षिका तिला आठवड्यातून चार वेळा तीन मुलांच्या गटात शिकवत आहेत. अक्षरांचे ध्वनी, शब्दांची फोड, मग छोटे उतारे, असा तो शांत क्रम आहे. मे महिन्यात एका संध्याकाळी तिने धाकट्या भावाला एक पूर्ण पुस्तक न थांबता वाचून दाखवले तेव्हा मी स्वयंपाकघरात गॅस बंद करून तशीच उभी राहिले होते.

म्हणूनच नव्या पालकांना मी सांगते की शाळेच्या भेटीच्या दिवशी हुशार मुलांचे प्रकल्प पाहून झाले की एवढेच विचारा: जे मूल मागे पडते, त्याच्यासाठी येथे आठवड्यात कोण, किती वेळ आणि कोठे काम करते? विशेष शिक्षणाचे शिक्षक शाळेच्या पगारावर आहेत की बाहेरून येतात? उत्तरात व्यक्ती आणि वेळापत्रक यावे. ‘आम्ही प्रत्येक मुलाकडे लक्ष देतो’ या उत्तरावर समाधान मानू नये.

शिस्तीबद्दल माझे मत अजून पूर्ण अनुकूल नाही. वर्गात वेळेचा अपव्यय होत नाही, हे खरे. परंतु सुरुवातीला जेवणाची पहिली दहा मिनिटे सक्तीच्या शांततेची होती आणि कुजबुजणाऱ्या मुलाच्या नावापुढे खूण केली जाई. आम्ही चार पालकांनी हा विषय विश्वस्त मंडळाच्या मासिक सभेत मांडला. सार्वजनिक सभांचा कायदा या मंडळालाही लागू असल्याने कोणालाही तेथे बसता येते आणि बोलता येते. जानेवारीपासून तो नियम शिथिल झाला. त्याच सभेत भाड्यावर होणारा खर्च आणि रिकाम्या शिक्षकपदांची संख्या आम्हाला प्रथमच कळली. प्रवेश घेण्यापूर्वी अशा एका सभेला जरूर बसावे. दोन तासांत माहितीपत्रकापेक्षा अधिक समजते.

शिक्षक टिकत नाहीत, ही माझी सर्वांत मोठी चिंता आहे. विज्ञानाच्या शिक्षिका फेब्रुवारीत गेल्या आणि पाच आठवडे बदली शिक्षकांवर वर्ग चालला. किती शिक्षक तीन वर्षांहून अधिक काळ येथे आहेत, हे थेट मुख्याध्यापकांना विचारावे. प्राथमिकच्या मुलांना घरापासूनचे अंतर दोन मैलांपेक्षा जास्त असेल तरच वाहतुकीचा हक्क मिळतो; आम्ही त्या मर्यादेच्या आत असल्याने ने-आण आमचीच. शाळा सुटल्यानंतरच्या पाळणावर्गाला वेगळे पैसे पडतात आणि न्यूयॉर्कहून येणारी पाथ रेल्वेगाडी उशिरा आली की दंडही भरावा लागतो.

मुलगी चौथीलाही येथेच राहील, कारण वाचनाची ही साखळी आता तुटू द्यायची नाही. वाचनतज्ज्ञ शिक्षिका पुढील वर्षीही असतील, असे मुख्याध्यापकांनी आम्हाला लेखी कळवले आहे. धाकट्यासाठी भावंड म्हणून अर्ज भरू, पण त्याआधी शाळा राज्याला १ ऑगस्टपर्यंत देते तो वार्षिक अहवाल वाचू. डिस्ट्रिक्टच्या शाळेतील त्याची जागाही आम्ही तोपर्यंत सोडणार नाही.