कळा सोसाव्यात की एपिड्युरल घ्यावं? दोन्ही केल्यावरचं माझं मत

एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीत टोचून देतात ते औषध, आणि कळा किती दुखतात, हे आता सगळ्यांना माहीत असतं. तरी नववा लागला की प्रश्न सुटत नाही. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, "आम्ही नाही का सोसलं?" आणि ऑफिसातली मैत्रीण म्हणते, "घेऊन टाक, उगाच कशाला हाल?" माझी दोन बाळंतपणं झाली. थोरलीचं माहेरी, सांगलीला, दुखणं कमी करणारं काहीही न घेता. धाकट्याचं पुण्यात, एपिड्युरल घेऊन. एक गोष्ट आधीच सांगते: दुसरं बाळंतपण बहुतेकींचं पहिल्यापेक्षा लवकर उरकतं, माझंही उरकलं. तेव्हा ही तुलना तंतोतंत नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

औषध न घेता बाळंत होण्याचं जे कौतुक होतं, ते खोटं नाही. थोरलीच्या वेळी कळा घरीच सुरू झाल्या. आपणहून आलेली कळ कमरेतून निघते, ओटीपोटात उतरते, चढत जाते आणि ओसरते. ओसरली की मध्ये खरंच काही दुखत नाही. त्या वेळात मी थोडे पोहे खाल्ले, बॅग पुन्हा एकदा बघितली. कळ आली की खिडकीचे गज धरून पुढे वाकायचं आणि आई मूठ वळून माकडहाडाच्या जरा वर जोरात दाबून धरायची. एवढ्याने निम्मं दुखणं कमी झाल्यासारखं वाटायचं. बाळंतपणाच्या वर्गात शिकलेला श्वासही तेव्हा उपयोगी पडला. त्या टप्प्यावर कुणी इंजेक्शन देऊ केलं असतं तर मी नको म्हटलं असतं, आणि तसंच सगळं शेवटपर्यंत चाललं असतं तर आज कदाचित वेगळा लेख लिहिला असता.

दवाखान्यात गेल्यावर तपासलं तेव्हा पिशवीचं तोंड चारेक सेंटीमीटर उघडलं होतं. काही वेळाने पुन्हा तपासलं, तेवढंच. मग कळा वाढवायला सलाइनमधून ऑक्सिटोसिन सुरू केलं. आपल्याकडे पहिलटकरणीच्या बाबतीत हे इतकं नेहमीचं आहे की कुणी वेगळं सांगतही नाही. पण त्या एका नळीबरोबर किती गोष्टी बदलतात, ते बाई पलंगावर पडल्यावरच कळतं. बाजूला स्टँड आला, पोटाला बाळाच्या ठोक्यांचा पट्टा आला, त्यामुळे उतरायचं नाही असं आलं. लेबर रूममध्ये नातेवाइकांना परवानगी नव्हती, म्हणून आई बाहेर. दर थोड्या वेळाने सिस्टर यायच्या, पोटावर हात ठेवून घड्याळ बघायच्या, सलाइनचं चाक फिरवून थेंब वाढवायच्या आणि पलीकडच्या बाईकडे जायच्या. थेंब वाढले की कळ चढत नाही, एकदम येऊन आदळते. दोन कळांमधली ती पोहे खाण्याइतकी निवांत जागा आक्रसत गेली आणि शेवटी उरलीच नाही.

माझा निर्णय कशाने झाला असेल, तर याने. दुखण्याने नाही. कळा औषधाने वाढवायच्या आणि सोसायच्या मात्र औषधाविना, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. चालणं, वाकणं, गज धरणं, आईची मूठ, ज्या आधारावर बाई औषधाविना निभावते ते सगळं काढून घेतलं होतं. आणि तरी बाहेर सगळे सांगत होते की तिला काही द्यावं लागलं नाही, सगळं नैसर्गिक चाललंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की आई आणि बाळ ठीक असतील तर ५ सेंटीमीटरच्या आधी कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिन देऊ नये, कारण तोवर प्रगती मंद असणं स्वाभाविक आहे. बाईच्या पसंतीचं माणूस सोबत असावं, हेही त्याच सूचनांमध्ये आहे. सरकारी लेबर रूम सुधारण्यासाठीच्या आपल्या सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही बाळंतपणात सोबतीण असण्यावर भर आहे. मी हे सगळं नंतर वाचलं. डॉक्टरांना त्या दिवशी जे योग्य वाटलं ते त्यांनी केलं असेल, बाळही सुखरूप आलं. पण ज्या अनुभवाला आपण नैसर्गिक म्हणतो, तो बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षात असाच असतो, हे निर्णय घेणाऱ्या मुलींना कुणीतरी सांगायला हवं.

धाकट्याच्या वेळी मी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलं होतं: कळा आपणहून आल्या आणि हिंडू-फिरू दिलं, तर थांबून बघू; सलाइन लागलं तर एपिड्युरल. झालं असं की पाणमोट आधी फुटली, कळांचा पत्ता नाही, म्हणून सलाइन लागलंच. म्हणजे दोन्ही वेळा कळा सलाइनच्याच होत्या. म्हणून हा फरक मला जरा विश्वासाने सांगावासा वाटतो.

टोचून घेणं सोपं नाही. पलंगाच्या कडेला बसायचं, उशी कवटाळायची, हनुवटी छातीला टेकवायची आणि पोट मध्ये असताना पाठ जमेल तितकी बाहेर काढायची. आधी पाठीला गार औषध, मग कातडी बधिर करणारी बारीक सुई, मग नुसता दाब. नेमकी तेव्हाच कळ आली तर अजिबात हलायचं नाही, हा सगळ्यात अवघड भाग. भूलतज्ज्ञ बाई कळ ओसरेपर्यंत हात तसाच धरून थांबल्या, मग पुढे गेल्या. सुई काढून घेतात. पाठीत राहते ती एक बारीक लवचीक नळी, चिकटपट्टीने खांद्यापर्यंत नेलेली. मग स्पिरिटचा बोळा पोटाला, मांडीला लावून "गार लागतंय का?" असं विचारत राहतात. पंधरा-वीस मिनिटं लागली. माझ्या डाव्या बाजूला गुण उशिरा आला; कुशीवर वळवून औषध थोडं वाढवलं, तेव्हा ठीक झालं.

त्यानंतर कळ येतेय हे शेजारच्या यंत्राच्या कागदावर दिसत होतं, हात ठेवला की पोट दगडासारखं लागत होतं, आणि मी नवऱ्याशी नावावरून बोलत होते. मग चक्क झोपले. सलाइनच्या कळांमध्ये झोप लागू शकते, यावर थोरलीच्या वेळी माझा कुणी सांगूनही विश्वास बसला नसता.

त्रास नव्हता असं नाही. अंग थरथरत होतं, खाज सुटली होती, लघवी नळीने काढावी लागली. दर थोड्या वेळाने दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळला जायचा, कारण दाब खाली येऊ शकतो. पाय हलत होते, पण उठून उभं राहण्यासारखे नव्हते. जोर लावायची वेळ आली तेव्हा खाली दाब जाणवत होता, तरी नेमका क्षण सिस्टरच सांगायच्या: "आली, आता लावा जोर." थोरलीच्या वेळी असं सांगायची गरजच पडली नव्हती, शरीरच ढकलत होतं. एपिड्युरलमध्ये हा शेवटचा टप्पा थोडा लांबतो, हे खरं आहे. बाळंत झाल्यावर थोरलीच्या वेळी मी लवकर उठून स्वतः बाथरूमला गेले होते; या वेळी पायांत नीट जोर येईपर्यंत थांबावं लागलं. हालचालीचं स्वातंत्र्य तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटत असेल, तर हे मनात धरा.

पण एक फरक मला या सगळ्याहून मोठा वाटतो. थोरली पहिल्यांदा छातीवर ठेवली तेव्हा मी इतकी दमले होते की तिचा चेहरा नीट कधी पाहिला, ते मला आठवत नाही. त्यानंतर टाके चालू होते आणि माझं सगळं लक्ष तिकडेच होतं. धाकट्याचा पहिला टाहो, त्याची चिकट मूठ, वार पडल्यावर डॉक्टर "झालं, सुटलीस" म्हणाल्या ते, सगळं लख्ख आठवतं. सोसल्याशिवाय माया लागत नाही असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की माया दोघांवर सारखीच आहे. आठवणी मात्र एकीच्याच धूसर आहेत, आणि ते मला अजून लागतं.

भीती दाखवणाऱ्या गोष्टींबद्दल थोडक्यात. "पाठीत इंजेक्शन घेतलं की जन्माची कंबरदुखी" हे घरोघरी ऐकू येतं. कॉक्रन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात एपिड्युरलमुळे दीर्घकाळची कंबरदुखी वाढल्याचं दिसलं नाही, सिझरचं प्रमाण वाढल्याचंही दिसलं नाही. बाळंतपणानंतर कंबर दोन्ही वेळा दुखली. बाळ कडेवर घेऊन, वाकून पाजणाऱ्या कुठल्या बाईची दुखत नाही? चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागण्याची शक्यता पूर्वीच्या जास्त तीव्रतेच्या औषधांत वाढायची, हल्लीच्या सौम्य मिश्रणांत तो फरक उरलेला नाही, असंही त्यात आहे. सुई चुकून मज्जारज्जूभोवतीच्या आवरणात गेली तर उठून बसलं की डोकं ठणकतं. हे साधारण शंभरात एकीला होतं, त्यावर उपाय आहे, पण ते दिवस वाईट जातात. ज्यांना तान्ह्या बाळाबरोबर एवढाही धोका नको, त्यांचं मी चुकीचं म्हणणार नाही.

उलट एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सिझरने होतात, सरकारीत सुमारे १४ टक्के. याची कारणं अनेक, पण कळांना घाबरून किंवा मध्येच हात टेकून "सिझरच करा" म्हणणाऱ्या मुली माझ्याच ओळखीत आहेत. पोट फाडण्यापेक्षा पाठीतली नळी कितीतरी बरी, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आणि आजीच्या वेळेचा दाखला देणाऱ्यांसाठी: १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात डॉक्टर जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतलं होतं. म्हणजे बाईने हे मागणं काही आजकालचं फॅड नाही.

मधले पर्याय मला फारसे भावले नाहीत. ट्रामाडॉलसारख्या इंजेक्शनने दुखणं बोथट होतं, पण गुंगी आणि मळमळ येते. हुंगायचा वायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मे-निम्मे, कळेपुरता आधार देतो. मास्क आपल्याच हातात असतो, हे त्यातलं चांगलं. तुमच्या दवाखान्यात असेल तर जरूर विचारा. जिला सुई नकोच आहे तिला तो उपयोगी पडेल.

आता माझ्या मताविरुद्धचं उदाहरण. माझी धाकटी जाऊ काहीही न घेता बाळंत झाली आणि पुन्हा तसंच करेन म्हणते. तिच्या कळा आपणहून आल्या, सलाइन लागलं नाही, बहीण शेवटपर्यंत शेजारी होती, जाऊ स्वतः व्हरांड्यात फेऱ्या मारत होती आणि दवाखान्यात पोचली तेव्हाच सात सेंटीमीटर झाले होते. तिच्या जागी मीही एपिड्युरल घेतलं नसतं. तेव्हा कळा कुणाच्या आहेत, शरीराच्या की सलाइनच्या, यावर मी ठरवेन. शरीराच्या असतील, उठू-फिरू देत असतील आणि सोबत माणूस असेल, तर औषधाविना बाळंतपण खरोखर सुंदर होऊ शकतं. सलाइन लागलं आणि पलंगाला खिळवलं, तर ते दुखणं विनाकारण सोसण्यात मला काही पुण्य दिसत नाही. आपल्याकडच्या पहिलटकरणींना बहुधा दुसरंच वाट्याला येतं, म्हणून कुणी विचारलं तर मी एपिड्युरलची तयारी ठेव असं सांगते.

मात्र एक अट आहे, आणि ती दवाखान्याची निवड करतानाच बघायची: भूलतज्ज्ञ तिथेच मुक्कामी आहेत की बोलावल्यावर येतात? छोट्या नर्सिंग होममध्ये ते चार ठिकाणी जाणारे असतात. नळी घालून ते दुसरीकडच्या ऑपरेशनला गेले आणि पहाटे औषधाचा असर उतरला, तर पुढचा डोस कोण देणार? याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर तिथे एपिड्युरलचा भरवसा धरू नका. मग सोबतीला माणूस आत येऊ देतील का आणि कळांमध्ये चालू देतील का, याचीच खात्री करून घ्या. जिल्हा रुग्णालयात बाळंतपण मोफत होतं, पण तिथल्या भूलतज्ज्ञांना बहुधा सिझरच्या बायकांमधूनच सवड मिळत नाही. खर्च बिलात वेगळा लागतो, तो आकडा आधी विचारा. प्लेटलेट फार कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी-इंजेक्शन चालू असेल, तर बहुधा हे देत नाहीत. म्हणून शेवटच्या महिन्यातला रक्ताचा रिपोर्ट फाइलमध्ये वरच ठेवा आणि भूलतज्ज्ञांची भेट कळा सुरू होण्याआधीच घ्या.