इंटर्नशिप संपत आली: नीट-पीजी, प्लॅब की यूएसएमएलई?

एमबीबीएसच्या इंटर्नशिपचे शेवटचे महिने आले की हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांत हाच विषय असतो: भारतात पीजी करून स्पेशालिस्ट व्हायला नीट-पीजी द्यायची, ब्रिटनसाठी प्लॅब, की अमेरिकेसाठी यूएसएमएलई? माझं म्हणणं एवढंच, की आधी शाखा ठरवा. देश त्यातून ठरतो.

सर्जरी, ऑर्थो, गायनॅक यांपैकी काही हवं असेल तर आपल्या सरकारी रुग्णालयात हात बसतो तसा क्वचितच कुठे बसेल. गायनॅकची जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर, एका रात्रीत अनेक सिझेरियनना उभी राहते आणि थोड्याच महिन्यांत सिनिअरच्या देखरेखीखाली स्वतः करू लागते. पण तीच मुलगी पहाटे चारला क्रॉसमॅचचं (रक्त जुळवून बघण्याचं) सॅम्पल मुठीत धरून ब्लड बँकेकडे पळते, कारण वॉर्डबॉय जागेवर नसतो. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. ती सर्रास मोडली जाते, आणि याचा मला मनापासून संताप येतो.

ब्रिटनमध्ये ड्युटीचं वेळापत्रक आधी हातात येतं, कामाचे तास सरासरी ४८ च्या आत ठेवावे लागतात, शिकवणीला वेळ राखून ठेवलेला असतो. प्लॅबचा पहिला भाग, १८० प्रश्नांचा, मुंबईत देता येतो. दुसऱ्यासाठी मँचेस्टरला जावं लागतं. मात्र प्लॅबने मिळते ती तिथे डॉक्टर म्हणून काम करण्याची नोंदणी. प्रशिक्षणाच्या जागेसाठी वेगळी स्पर्धा असते. २०२५ मध्ये साधारण १० हजार जागांसाठी ३० हजारांहून जास्त डॉक्टर रांगेत होते, आणि त्याच वर्षी तिथल्या सरकारने ब्रिटनमध्येच शिकलेल्यांना प्राधान्य द्यायचं धोरण जाहीर केलं. म्हणून आज नुसत्या प्लॅबच्या भरवशावर कुणी घरचे पैसे घालू नयेत, असं मला वाटतं.

अमेरिकेचा रस्ता लांब आणि खर्चिक आहे, तरी मेडिसिन किंवा पेडिॲट्रिक्स हवं असणाऱ्याला मी तोच सुचवेन. २०२५ च्या मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार आणि हॉस्पिटलं यांच्या पसंती जुळवून प्रशिक्षणाच्या जागा देण्याच्या तिथल्या पद्धतीत, बाहेरच्या देशांतून आलेल्या, अमेरिकी नागरिक नसलेल्या उमेदवारांपैकी सुमारे ५८ टक्क्यांना जागा मिळाली. सर्जिकल शाखा आणि स्किनमध्ये मात्र आपल्या मुलांना शिरकाव फार अवघड. यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचा, स्टेप १ चा, निकाल २०२२ पासून फक्त पास-नापास असतो, त्यामुळे सगळा भार स्टेप २ च्या गुणांवर आला आहे. तयारी इंटर्नशिपच्या आधीच सुरू झालेली बरी. प्रशिक्षणासाठीच्या जे-१ व्हिसावर गेलात तर शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी यावं लागतं, किंवा सूट मिळवून तिथल्या डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करावं लागतं.

सरकारी कॉलेजवाल्यांनी बॉन्डचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या बंधनकारक सरकारी सेवेचा, हिशेब आधी मिटवावा: महाराष्ट्रात ती एक वर्षाची आहे. ब्रिटनच्या नोंदणीला गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (आपल्यावर कारवाई नसल्याचा दाखला) लागतं, तेव्हा मेडिकल कौन्सिलचे कागद स्वच्छ हवेत.

परत यायचा विचार मनात असेल तर ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची पूर्ण केलेली पीजी भारतात मान्य आहे. अर्ध्यावर सोडून आलात तर पुन्हा नीट-पीजीच द्यावी लागते.