रातकिड्यांचा नळीवाला डबा : उन्हाळा ते हिवाळा वापरून

आमच्याकडे बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे किडे खाणारा पाळीव सरडा आहे. त्याला दिवे कोणते लागतात, टँक केवढा लागतो, हे इथे सांगत बसत नाही; ज्यांनी पाळलाय त्यांना ते पाठ आहे. हा अनुभव आहे त्याचं जिवंत खाणं, म्हणजे रातकिडे, घरात ठेवण्याच्या डब्याचा आणि खरं तर त्या डब्याच्या झाकणातल्या जाळीचा. विक्रेत्याचं शेवटचं उत्तर आलंय : "जाळीची झीज वॉरंटीत बसत नाही." ती झिजलेली नाही हो, रातकिड्यांनी खाल्लेली आहे! फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, तरी तेच उत्तर.

डबा तुम्ही पाहिला असेल. पारदर्शक प्लास्टिक, बाहेरून आत खुपसलेल्या चार काळ्या नळ्या. ऐन उन्हाळ्यात घेतला तेव्हा मी लगेच चार तारे दिले होते, आणि नळ्यांपुरते ते आजही देईन. रातकिड्याला अंधारी फट लागते, तो आपणहून नळीत जाऊन बसतो. नळी उपसायची, तोंडावर अंगठा धरायचा, कॅल्शियमची पूड घातलेल्या बरणीत झटकायची, बरणी हलकेच फिरवायची आणि पांढरे झालेले किडे थेट ड्रॅगनपुढे. रातकिड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त, म्हणून पुडीला पर्याय नाही. नाहीतर ड्रॅगनची हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो. पण पूड किड्याच्या अंगावर टिकतही नाही, तो अंग साफ करत राहतो. किड्यांना लपायला डब्यात ठेवलेल्या अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधून चिमट्याने एकेक पकडत बसलं की शेवटचा सापडेपर्यंत पहिल्याची पूड झडलेली असते. नळीमुळे हे सगळं काम मिनिटभरात होतं.

दुसरं, मोजून घालता येतात. न खाल्लेला रातकिडा रात्री टँकमध्ये राहिला तर झोपलेल्या ड्रॅगनची बोटं, शेपटी, डोळ्यांच्या कडा कुरतडतो. चार घातले, चार खाल्ले, एवढा हिशोब रोज लागायला हवा.

आता जाळी. झाकणात तळहाताएवढी खिडकी आणि तिला नायलॉनची जाळी. गुळगुळीत भिंतीवर रातकिड्याला चढता येत नाही, पण आत ट्रे उभा केला की तिथून उडी मारून तो जाळीला लटकतो आणि लटकल्यावर त्याला चावायलाच सुचतं. पावसाळा सुरू झाला तसा फ्रिजमागे एक नर ओरडायला लागला. जवळ गेलं की गप्प, दिवा बंद केला की पुन्हा सुरू. सासूबाई रात्री उठून म्हणाल्या, "अगं, हा आपल्यातलाच का बाहेरचा?" मी झाकण काढून टॉर्चपुढे धरलं. एका कोपऱ्यात करंगळी जाईल एवढं भोक. कडेचे धागे तुटलेले नव्हते, चावून चपटे आणि पांढरट झाले होते, आणि खाली ट्रेवर त्याच धाग्यांचा बारीक चुरा पडलेला. खास रातकिडे ठेवण्यासाठी म्हणून विकलेल्या डब्याला रातकिडा खाऊ शकेल अशी जाळी! एवढी एक गोष्ट त्या डिझाइन करणाऱ्याला कळायला नको? मोजलेल्या पैशात साधे तीन मोठे डबे आले असते.

पावसाळ्यानंतरची भर. मला वाटत होतं की जाळी बदलली की प्रश्न संपला. आता मत बदललंय. जाळी कशाची आहे याइतकंच ती कुठे आहे हेही महत्त्वाचं. जुलैत पुण्यात कपडे वाळत नाहीत, तिथे एकाच बाजूने हवा घेणाऱ्या डब्यातली विष्ठा कशी वाळणार? तळाशी ओल धरते, अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि किडे भराभर मरतात. लोक म्हणतात पार्सलमधलेच किडे खराब आले. पुष्कळदा डबा मारतो.

म्हणून बोहरी आळीतून झाकणाचा खोल डबा आणि स्टीलची बारीक जाळी आणली. मैद्याच्या चाळणीला असते तशीच घ्या, कारण अंड्यातून निघालेलं पिल्लू टाचणीच्या डोक्याएवढं असतं. समोरासमोरच्या दोन भिंतींना खिडक्या कापल्या आणि जाळी ग्लू गनने आतून चिकटवली. हवा आरपार खेळते. वास जवळपास गेला. जुन्या डब्याच्या नळ्यांसाठी भोकं पाडून त्या यातच बसवल्या. स्टीलच्या जाळीवर अजून ओरखडासुद्धा नाही.

किड्यांना खायला गिरणीतला गव्हाचा कोंडा, शेवग्याचा पाला आणि गाजराच्या चकत्या. शेवग्यात कॅल्शियम भरपूर, आणि ड्रॅगनला घालण्याआधी दिवसभर तरी किड्यांचं पोट अशा खाण्याने भरलेलं हवं. पाण्याची वाटी ठेवू नका, बुडून मरतात. गाजरातलं पाणी पुरतं. पाला नीट धुवा, आणि उरलेला त्याच दिवशी काढा, नाहीतर बुरशी.

आपल्याकडे मुंग्या डब्यापर्यंत येणारच. तेव्हा हात मुंग्यांच्या खडूकडे जातो, पण त्यातलं कीटकनाशक किडा आणि मुंगी असा भेद करत नाही. डबा पाण्याच्या परातीत उलट्या वाटीवर ठेवा, बास. डासांची लिक्विड मशीन त्या खोलीत नको. डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धुराची फवारणी असली की खिडक्या लावून डबा आतल्या खोलीत न्या. पहिल्या पावसात दिव्याभोवती येणारे पंखवाले किडे आणि घरातली झुरळं कितीही फुकट असली तरी ड्रॅगनला घालू नका. कोणाच्या घरी कसलं जेल लावलंय, कुठे फवारलंय, काही सांगता येत नाही.

डुबियाबद्दल, म्हणजे खाद्य म्हणून विकत मिळणाऱ्या झुरळाबद्दल, बरेच जण विचारतात. डुबिया ओरडत नाही, गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाही, वासही कमी. गुणांनी तो रातकिड्यापेक्षा सरस आहे हे मला मान्य आहे. पण सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, "झुरळं मारायला माणूस बोलावतो आपण, आणि तू विकत आणणार?" विषय तिथेच मिटला. शिवाय डुबियाच्या वाढीला तिशीच्या आसपासचं तापमान लागतं, पुण्याच्या डिसेंबरातल्या रात्री हीटिंग पॅडचं वीजबिल कोण भरणार? सुपरवर्म नावाच्या मोठ्या अळ्या कधीतरी चवीपुरत्या, चरबी फार. आणि त्या फ्रिजमध्ये ठेवू नका, मरतात. फ्रिज मीलवर्म या लहान अळ्यांना चालतो.

आवाजाचा त्रास असेल तर उपाय सोपा आहे. ओरडतो फक्त पूर्ण वाढलेला नर, तोही पंखांनी. म्हणून अर्ध्या वाढीचे मागवा आणि पंख फुटायच्या आत संपवा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार तेवढ्याने थांबली.

डब्याला आता दोन तारे, दोन्ही नळ्यांचे. विक्रेत्याने स्टीलच्या जाळीचं झाकण विकायला आणलं तर तिसरा देईन. आणि नुसत्या नळ्या सुट्या विकायला ठेवल्या, तर आणखी चार उद्याच मागवीन. साधा पीव्हीसी पाइप कापून पाहिला, पण आतून गुळगुळीत असल्याने त्यात किड्यांचे पाय टिकत नाहीत.