आठ महिने आणि एक पावसाळा: काटोच्या एन गेज रुळांवर आमचा कसारा घाट

हा मॉडेल रेल्वेचा सेट घरात येऊन आठ महिने झाले. मधे अख्खा पावसाळा गेला. नाशिकरोडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर पावसाळ्यात पापडसुद्धा सादळतात, त्यामुळे तो गेल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता लिहिते.

माझं माहेर इगतपुरीचं, रेल्वे क्वार्टरमधलं. वडील पॉइंट्समन होते. तेव्हा मुंबईकडून गाडी दीड हजार व्होल्ट डीसीवर यायची आणि इगतपुरीच्या पुढे २५ हजार व्होल्ट एसी, म्हणून बहुतेक गाड्यांचं इंजिन आमच्याकडे बदलायचं. शाळा सुटली की मी ते जोडणं-सोडणं बघत उभी राहायची. आता सगळीकडे एसी झालं आणि ते थांबणंही गेलं. आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्याच सुमारास आम्ही दोघं पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय पाहून आलो. परतीच्या बसमध्ये सिन्नर येईपर्यंत ह्यांनी तिकिटाच्या मागे लंबगोल काढून झाला होता.

काय घेतलं ते सांगते. काटो या जपानी कंपनीचा रूळ आणि कंट्रोलरचा सेट, सुटं एक इलेक्ट्रिक इंजिन, पाच डबे आणि दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे). कस्टम ड्यूटीसकट सगळं ३८ हजारांच्या घरात गेलं. रक्कम मोठी आहे, म्हणून पुढे बारीकसारीक लिहिते आहे.

आधी एचओ घ्यावं असं मनात होतं. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७ मापाचं मॉडेल, डबे हातात भरतात, खिडक्या नीट दिसतात. पण त्यातलं नेहमीचं वळण १८ इंच त्रिज्येचं असतं. नुसता गोल पुरा करायचा तरी तीन फुटांहून रुंद फळी हवी. आमच्या हॉलमध्ये दिवाण, शोकेस आणि शिलाई मशीन आहे. एन गेज म्हणजे १:१६०, रुळांमधलं अंतर ९ मिमी. काटोचं ३१५ मिमी त्रिज्येचं वळण घेतलं की आठ तुकड्यांत गोल पुरा होतो. दोन्ही अंगांना २४८ मिमीचे दोन-दोन सरळ तुकडे घातले आणि सगळं चार बाय अडीच फुटांच्या प्लायवर बसलं.

ह्यांनी पहिल्याच दिवशी व्हर्नियर काढला. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. त्याला १६० ने भागलं की साडेदहा मिमी येतं. म्हणजे ९ मिमीचा रूळ आपल्या गाडीला थोडा अरुंदच पडतो. समोरून पाहिलं तर कळतं, बाजूने कळत नाही. डब्यांच्या बाबतीत मात्र नशीब चांगलं निघालं. काटो जपानी गाड्या १:१५० ने बनवते आणि तिकडचा नेहमीचा डबा सुमारे २० मीटरचा, म्हणजे मॉडेल १३३ मिमी. आपला जुना आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याचा) डबा सुमारे २१.३ मीटर लांब, १:१६० ने तोही १३३ मिमी! तयार भारतीय डबे एन गेजमध्ये आम्हाला कुठे मिळाले नाहीत, पण हा हिशेब जुळल्यावर ह्यांनी निळ्या डब्यांच्या बाजू कॉम्प्युटरवर आखल्या, जाड फोटोपेपरवर छापून घेतल्या आणि ब्लेडने कापून चिकटवल्या. खिडक्यांच्या गजांसाठी दोन रविवार गेले. हातभर अंतरावरून आता ती पंचवटी एक्स्प्रेसच वाटते.

रुळांबद्दल मला मनापासून चांगलं लिहायचं आहे. काटोच्या या रुळांना युनिट्रॅक म्हणतात. खाली राखाडी खडीचा प्लास्टिकचा भराव, वर स्लीपर, वर रूळ, सगळं एकाच तुकड्यात. दोन तुकडे समोरासमोर धरून दाबले की टक् करून बसतात. खिळा नको, डिंक नको. पहिला महिना आम्ही काहीही चिकटवलं नाही. रोज जेवण झाल्यावर नवा नकाशा मांडायचा, गाडी चालवायची, परत उचलून ठेवायचं. नवीन माणसाने हेच करावं. आमचे पहिले सहा नकाशे चिकटवले असते तर सहाही वेळा उखडावे लागले असते.

त्यातला एक नकाशा माझा होता. एका टोकाला गाडी वळून त्याच रुळावर परत यावी, असा फुग्यासारखा फेरा मी काढला. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी कागदावर लक्षात आलं नाही. शेवटचा तुकडा बसवला आणि कंट्रोलरने करंट तोडला. मग बोट ठेवून फेरी मारली: डावा रूळ फिरून उजव्याला येऊन मिळतो, म्हणजे धन आणि ऋण एकत्र. शॉर्टच. तो फेरा करायचा तर तेवढा तुकडा दोन्ही बाजूंनी विजेपासून तोडून त्याचं धन-ऋण वेगळं उलटवावं लागतं. आम्ही फेरा सोडून दिला. दहावीच्या मुलांना मात्र आता हेच उदाहरण देते.

सांध्यांचं काम याहून सुरेख. सांधा ज्या रुळाकडे वळवलेला असेल, त्याच रुळाला करंट जातो. त्यामुळे बाजूच्या लूप लाइनवर मालगाडी उभी करून दोन्ही टोकांचे सांधे मेन लाइनला लावले की मालगाडी आपोआप निश्चल, आणि पंचवटी शेजारून निघून जाते. वेगळी बटणं नाहीत, जास्तीच्या वायरी नाहीत. वडील सांधा लावून झाला की त्यावर हात ठेवून एकदा बघून घ्यायचे. मीही बघते.

विजेचं एक काळजीपूर्वक वाचा. जपानच्या बाजारासाठी असलेल्या सेटबरोबर येणारा अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो. आपल्या भिंतीतल्या २३० व्होल्टला तो लावायचा नाही. आम्ही इथलाच १२ व्होल्ट डीसीचा चांगला अडॅप्टर घेतला, मल्टिमीटरने पिनेचं धन-ऋण तपासलं आणि मगच कंट्रोलरला जोडला. घेताना विक्रेत्याला कोणता अडॅप्टर येतो ते स्पष्ट विचारा. आम्हाला ते त्याने आपणहून सांगितलं नव्हतं. त्याच्याकडून आलेल्या पहिल्या पार्सलमध्ये वळणाचे दोन तुकडे पिचलेले होते, पॅकिंग पातळ होतं, आणि बदलून मिळायला पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत सहा तुकड्यांचा अर्धवट गोल दिवाणावर पडून होता आणि ह्यांना जेवणही गोड लागत नव्हतं.

आता घाट. ह्यांना कसारा घाट करायचाच होता. १८६५ साली गाडी पहिल्यांदा इगतपुरीला चढली तो चढ ३७ ला एक, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर एक मीटर वर. मॉडेलचं इंजिन एवढा चढ चढतं. अडचण वेगळीच निघाली. एक रूळ दुसऱ्याच्या वरून न्यायचा तर खालच्या गाडीला निदान ५० मिमी मोकळी जागा हवी. ३७ ने गुणलं की चढायला १८५० मिमी, उतरायला तेवढेच, मिळून ३.७ मीटर. आमचा अख्खा लंबगोल २.९७ मीटरचा. दोन दिवस हे गप्प होते. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "अगं, रूळ वर नाही न्यायचा. जमीन खाली न्यायची."

आणि तसंच केलं. एका अंगाला प्लाय १४ इंच कापून काढला आणि चार इंच खाली बसवला. रूळ सपाटच राहिला, खाली दरी उघडली, वर पूल. कसारा घाटातल्या एहेगावच्या पुलावरून गाडी जाताना लहानपणी मी खिडकीचे गज घट्ट धरायची. या पुलाकडे बघताना तीच दरी आठवते. डोंगर फळीच्या मधोमध लांबीत घातला आहे. घाटाची बाजू ह्यांची. माझ्या बाजूला नाशिकच्या पुढची सपाटी: खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड या पट्ट्यातलं एक छोटं स्टेशन, लूप लाइन आणि द्राक्षबाग.

द्राक्षबागेला मला सर्वांत जास्त वेळ लागला. जुन्या वायरमधली तांब्याची तार काढून इंग्रजी वाय आकाराचे खांब वळले, त्यांवर शिवणाचा दोरा ताणला, दोऱ्याला पातळ फेव्हिकॉल लावून हिरवा रंगवलेला बारीक भुसा भुरभुरला. नऊ ओळी झाल्या. माणसं साडेदहा मिमीची. साडेपाच फुटी माणूस १:१६० ने तेवढाच होतो, आणि साडेपाच फूट म्हणजे बरोबर ब्रॉडगेजची रुंदीही. हे ह्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. जमिनीसाठी वापरलेली चहापत्ती धुवून, उन्हात चार दिवस वाळवून, चाळून घेतली. आपल्याकडच्या काळ्या मातीचा रंग विकतच्या कुठल्याही पुडीपेक्षा तिला जास्त जवळ येतो.

पावसाळ्यात नुकसान झालं ते डोंगराचं. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून चढवल्या होत्या. जुलैत त्या वाळल्याच नाहीत, आतून बुरशी धरली, खोलीभर वास. सगळा डोंगर सोलून काढला. ह्यांनी पुन्हा केला तो जाळीवर सुती कापडाच्या पट्ट्या आणि पीओपी घालून, तेही ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर. या वेळी दोन भागांत, उचलून काढता येईल असा. बोगद्यात गाडी घसरली तर हात जायला हवा. बोगद्याचं तोंडही पहिल्यांदा अरुंद झालं होतं: वळणावर लांब डब्याचा मधला भाग आत आणि टोकं बाहेर निघतात, ते घासायचं. सगळ्यांत लांब डबा हाताने पूर्ण वळणावरून फिरवून, त्याला पेन्सिल लावून रेघ मारायची आणि मगच भिंत उभी करायची.

रूळ मात्र पावसाळ्यात वाकले नाहीत, सांधे अडकले नाहीत. प्लायला खालून लाकडी चौकट होती म्हणून तोही सरळ राहिला. धूळ हा रोजचा प्रश्न आहे. आमच्या समोर बांधकाम चालू आहे. चार दिवस गाडी चालवली नाही की इंजिन अडखळतं. मऊ सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रूळ पुसले की लगेच सुधारतं. पॉलिश पेपर कधीही लावू नका, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी बसतो.

नवरा-बायको मिळून करणार असाल तर माझं एकच आग्रहाचं सांगणं: फळी भिंतीला लावू नका. आम्ही आधी लावली होती. एक जण काम करायचा आणि दुसरा त्याच्या खांद्यावरून बघायचा, आणि दोघांचीही चिडचिड व्हायची. मग चौकटीला चाकं लावली. संध्याकाळी फळी हॉलच्या मधे ओढतो, हे दरीच्या बाजूला स्टुलावर, मी स्टेशनच्या बाजूला. मधे डोंगर असल्यामुळे मला त्यांची बाजू दिसत नाही, त्यांना माझी नाही. कंट्रोलर माझ्याकडे. ते पलीकडून "लाइन क्लिअर" म्हणाल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. गाडी बोगद्यात शिरते, चार-पाच सेकंद नुसता आवाज येतो, आणि मग त्यांचा आवाज, "आली."

वीस डब्यांची गाडी करायची हौस असेल तर ती या फळीवर भागणार नाही: वीस डबे म्हणजे २.६६ मीटर, इंजिनाची शेपटीशीच गाठ पडेल. पाच डबे शोभतात. मी या सेटला पाचपैकी साडेचार देते. अर्धा काढला तो ९ मिमीचा, ब्रॉडगेजची ऐट त्यात पूर्ण येत नाही एवढ्यासाठी.

गेल्या महिन्यात दुसरं इंजिन घेतलं, त्याच मॉडेलचं. ह्यांनी दोन्ही इंजिनं एकेकटी चालवून, स्टॉपवॉच लावून, दहा-दहा फेऱ्यांची वेळ वहीत लिहिली. फरक एवढा कमी निघाला की एकाच करंटवर एक पुढे आणि एक मागे चालू शकतं. कसाऱ्याहून निघताना गाडीला मागून ढकलायला बँकर, म्हणजे जादा इंजिन, लावतात. आमच्या फळीवर चढ नाही, तरी संध्याकाळची पहिली फेरी मी मागे बँकर लावूनच सोडते.