लोहचुंबक, ट्रान्झिस्टर आणि रॅटचं काळीज : अकरा महिन्यांनंतर

रॅटच्या पोटात बसवून त्याच्या हृदयाचा विद्युत आलेख (इसीजी) रेडिओ लहरींनी बाहेर पाठवणारा ट्रान्समीटर आम्ही अकरा महिने वापरतोय. तो चालू आहे की बंद, हे बाहेरून कळायची सोय नसावी? मे महिन्याच्या सुट्टीआधी आमच्या विद्यार्थ्याने पिंजऱ्यावरून चुंबक फिरवला (त्यानेच तो चालू-बंद होतो) आणि 'सर, बंद केला' म्हणाला. बंद झालाच नव्हता. चाळीस दिवस आमच्या विस्टार जातीच्या पांढऱ्या रॅटच्या पोटात तो कुणीही ऐकत नसताना बडबडत राहिला. गेल्या आठवड्यात बॅटरीने मान टाकली, म्हणून हे लिहितोय.

दिवा दिला तर तोच बॅटरी खाईल, आणि पोटातला दिवा बघणार कोण, हे मलाही कळतं. पण इतके पैसे मोजल्यावर माणूस बोलणारच.

शेवटी उपाय सापडला घरातल्या माळ्यावर. वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर. एएमचा काटा डावीकडे टोकाला, 540 च्या आसपास नेऊन पिंजऱ्याला टेकवला की चालू ट्रान्समीटर किर्रर्र करतो, बंद असेल तर नुसती खरखर. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं आहे म्हणे, कुठल्या तरी मागच्या पानावर. विकायला आलेल्या साहेबांनी लॅपटॉपवरचे रंगीत आलेख दाखवले, हे नाही सांगितलं.

सिग्नलबद्दल सुरुवातीला माझं मत वाईट होतं. सिग्नल पकडणारा रिसीव्हर लोखंडी रॅकवर ठेवला होता, त्यामुळे रॅट कोपऱ्यात गेला की रेघ गायब. लाकडी टेबलावर आणल्यावर सुधारलं. अंग चाटताना स्नायूंचा गोंधळ इसीजीत मिसळतो, तो भाग सोडूनच द्यावा लागतो. पण रोज सकाळी दहाच्या सुमारास ठोके मिनिटाला 320 वरून एकदम 450 च्या वर जायचे, तेही मी यंत्राच्याच माथी मारलं. कंपनीला दोन कडक ईमेलसुद्धा लिहिले.

मग एकदा प्राणी सांभाळणाऱ्या ॲनिमल हाऊसच्या मामांना विचारलं, "मामा, दहाला काय करता हो तुम्ही?"

"भुसा बदलतो की सर. रोजचंच आहे."

पिंजरा साफ झाल्यावर ठोके खाली यायला तास-दीड तास लागत होता. इतकी वर्षं आपण रॅट हातात धरून, पट्ट्यांत अडकवून इसीजी काढत आलो आणि त्यालाच 'बेसलाइन', म्हणजे शांत असतानाची मूळ पातळी, म्हणत आलो! ते ईमेल आता आठवले की लाज वाटते. हा प्राणी रात्रीचा जागणारा, त्यामुळे खरी धावपळ दिवे गेल्यावर, आणि आलेखात ती स्पष्ट दिसते. आता प्रयोगाचं औषध द्यायचं ते मामांची फेरी होऊन दोन तास उलटल्यावर. पूर्वीच्या निम्म्या नोंदी मला परत तपासाव्या लागणार.

सर्व्हिसचं मात्र विचारू नका. बॅटरी सीलबंद, इथे बदलून मिळत नाही. प्राण्याच्या पोटातून काढायचा, धुवायचा, रसायनात निर्जंतुक करायचा (ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालची वाफ, चालत नाही), मग परदेशी पाठवायचा. कस्टम्सच्या फॉर्मवर वस्तूचं वर्णन काय लिहायचं, यावर आमच्या ऑफिसातल्या बाईंनी माझा अख्खा बुधवार खाल्ला.

ट्रान्झिस्टर आता ॲनिमल हाऊसमध्येच असतो. काटा हलू नये म्हणून मामांनी त्यावर चिकटपट्टी मारलीय.

दुसऱ्या ट्रान्समीटरचं कोटेशन आलंय. त्यात चुंबकाचे पैसे वेगळे लावलेत.