मेणबत्त्या तुम्ही बनवा, विकत आम्ही घेऊ

असली जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. घरबसल्या काम, अनुभवाची गरज नाही, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच उचलू. मी आणि माझ्या जाऊबाई, दोघी हिशेबाला पक्क्या, आणि दोघी मिळून फसलो. कशा, ते सविस्तर सांगते, कारण फसवणारा माणूस आम्हाला जराही लबाड वाटला नव्हता.

पैशांची घाई त्याने केलीच नाही. उलट म्हणाला, "आधी थोडा माल करून बघा, जमलं तर पुढचं बोलू." साचा उसना दिला, 2 किलो पॅराफिन मेण आणि वातीचं रीळ दिलं. 40 ग्रॅमची एक, अशा साध्या पांढऱ्या मेणबत्त्या करायच्या होत्या. 48 झाल्या. सगळ्या पास, आणि दोन दिवसांत पैसे खात्यात. त्या रात्री आम्ही दोघी कागद-पेन घेऊन वर्षाचा हिशेब मांडत बसलो होतो, हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मग आला करार. मशीन त्यांच्याकडूनच घ्यायचं. मेण आणि वात त्यांच्याकडूनच. वर अनामत रक्कम, जी बारा महिने ठरलेला माल दिला तरच परत मिळणार. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत, 'मालाच्या दर्जाबाबत खरेदीदाराचा निर्णय अंतिम राहील.' ती ओळ मी वाचली होती. 48 पैकी 48 पास झाल्यावर तिची भीती कोणाला वाटणार?

शिकवायला एक बाई आल्या अर्धा दिवस. त्यांनी मेणाचं पातेलं थेट गॅसवर चढवलं. तिथेच खरं तर ओळखायला हवं होतं. मेण नेहमी पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं. थेट आचेवर ते बघता बघता फार तापतं, 200 अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि घाबरून वर पाणी ओतलं तर जळतं मेण उसळून अंगावर येतं. पेटलंच तर गॅस बंद करून झाकण सरकवायचं, पाणी नाही. हे जाऊबाईंना ठाऊक होतं. शिकवणाऱ्या बाईंना नव्हतं.

पहिल्या 50 किलोंतून 1,180 नग दिले. पास झाले 74. नापास मालाला चिठ्ठ्या लावलेल्या. 'पृष्ठभाग तेलकट.' 'वाकडी.' 'मेण गळते.' आम्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि मुकाट्याने स्वतःलाच दोष दिला. ओतताना मेण गार होतं का? साचा कोमट केला नव्हता का? घट्ट होताना मेण आक्रसतं, वातीभोवती खळगा पडतो, तो दुसऱ्यांदा नीट भरला नाही का? पंधरा दिवस रात्री उशिरापर्यंत आम्ही हात सुधारत होतो. नवशिक्याला आधी संशय येतो तो स्वतःच्या हाताचा, आणि या लोकांचा धंदा नेमका त्यावर चालतो.

नापास मालाचं काय करायचं? तोही त्यांनीच घेतला, भंगाराच्या भावाने. वर उपकार केल्यासारखं बोलून.

महिन्याचं ठरलेलं काम पुरं करायचं म्हणून दुसरं पोतं आणलं. त्यातली एक वडी किंचित करडी होती. ती वितळवताना जाऊबाई एकदम थांबल्या आणि पळीने काहीतरी बाजूला काढलं. बोटभर वात. तिच्या मध्यावर निळा शिवणदोरा गुंडाळलेला.

आता या दोऱ्याची गोष्ट. आमच्या मशीनमध्ये वात रिळावरून सलग ओढली जाते. रीळ संपलं की नव्याचं टोक जुन्याला जोडायचं. ती बारीक वात गाठीतून निसटायची, म्हणून जाऊबाई शिवणाच्या डब्यातला निळा दोरा वरून आवळून बांधायच्या. एरवी त्या जोडाची मेणबत्ती त्या काढून टाकत, पण एखादी नजरचुकीने मालात गेली असणार. आमचीच नापास मेणबत्ती वितळून, वडी होऊन, पूर्ण भावाने आमच्याच घरी परत आली होती.

त्या दिवशी ओतकाम बंद केलं आणि तपासायला बसलो. आधी वडीचा तुकडा कोऱ्या कागदात गुंडाळून रात्रभर वजनाखाली ठेवला. सकाळी कागदावर तेलाचा डाग. पॅराफिन खनिज तेलापासून निघतं, आणि त्यातलं तेल नीट काढलं नसेल तर मेण मऊ राहतं, उन्हाळ्यात घामेजतं, वाकतं. चांगल्या शुद्ध केलेल्या मेणात तेल अर्ध्या टक्क्याच्या आतच असतं. मग वितळलेलं मेण ढवळत ढवळत थंड होऊ दिलं आणि थर्मामीटर बघत राहिलो. घट्ट व्हायला लागलं की आकडा उतरताना एका जागी रेंगाळतो, तोच साधारण त्याचा वितळणबिंदू. बिलावर 60 अंश लिहिलेलं. आमचा आकडा 49 वर रेंगाळला.

वातीचं तर विचारूच नका. मेणबत्तीच्या जाडीच्या मानाने ती फारच बारीक होती. अशी वात कडेपर्यंतचं मेण ओढू शकत नाही. मध्ये विहीर होते, ज्योत त्यात गुदमरते, नाहीतर साठलेलं मेण एका बाजूने ओघळतं. फार जाड असती तर काजळी धरली असती. मग बाहेरून शुद्ध पॅराफिन आणि जाडीला शोभेल अशी विणलेली सुती वात आणली. तेच मशीन, तेच आमचे हात. मेणबत्त्या कोरड्या, सरळ, आणि शेवटपर्यंत जळणाऱ्या निघाल्या. म्हणजे नमुन्याच्या वेळी दिलेलं मेण चांगलं होतं, पोत्यातलं नव्हतं. नमुन्यातली एखादी वडी तेव्हाच बाजूला काढून ठेवली असती, तर पोतं आलं त्या दिवशीच दोन्ही ताडून पाहता आल्या असत्या.

अनामत मागायला गेलो तेव्हा तो माणूस शांतच होता. त्याने करारातली ती ओळ दाखवली, चहा विचारला. कच्चा माल खराब होता हे आम्ही कसं सिद्ध करणार? पहिल्या पोत्यातलं मेण आम्हीच त्याला परत विकून बसलो होतो. अनामत बुडाली. मशीन पडून आहे.

तुम्हाला हौस असेल, किंवा खरंच छोटा धंदा करायचा असेल, तर किलोभर मेण, एक थर्मामीटर, घरातली दोन जुनी पातेली आणि एक साचा एवढ्यावर सुरुवात होते. केलेल्या मेणबत्त्या स्वतः जाळून बघा, शेवटपर्यंत, समोर बसून. त्यांच्या तासभर निरीक्षणातून जे कळतं ते त्या शिकवणीत अर्ध्या दिवसात कळलं नाही. आणि तुमचा माल विकत घ्यायचा म्हणून कोणी तुमच्याकडूनच पैसे मागत असेल, तर तिथे गिऱ्हाईक तुम्ही आहात.

माझ्या मावसबहिणीला मागच्या महिन्यात असाच फोन आला. तोच नमुना, तीच अनामत. आवाज कोणाचा होता देव जाणे. मी तिला एकच प्रश्न शिकवून ठेवला होता. तिने विचारलं, "मेण आणि वात मी माझ्या पसंतीची बाहेरून घेतली तर चालेल ना?" पलीकडच्याने फोन ठेवून दिला.